ब्रेकचा डावा हात

आमच्या इमारतीत अशी वदंता आहे की चौथ्या मजल्यावरचे जालिंदर रणदिवे लिफ्टनं घरी जात नाहीत, कारण लिफ्टचं दार लावलं की त्यांना त्यांची गेलेली बायको दिसते. पांढरं पातळ, मोकळे केस, आणि म्हणे ती बोटानं चार नंबरचं बटण दाखवते.

ही वदंता मी उठवलेली नाही. माझ्या तोंडाची ख्याती सगळ्या विश्रामबागेला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मी उठवली असती तर निदान पातळाचा रंग तरी बरोबर असता. बाळावहिनी जन्मात कधी पांढरं नेसल्या नाहीत. त्यांना हिरवं लागायचं, तेही असं भडक की लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणी उसाचा फड उचलून गच्चीवर वाळत घातलाय.

खरी गोष्ट अशी की हवालदार (जालिंदररावांना आम्ही सगळे हवालदारच म्हणतो, ते फौजेतून हवालदार म्हणून सुटले) दर रविवारी सकाळी तासभर त्याच लिफ्टमध्ये असतात. तेलाची बुधली, फडकं आणि टॉर्च घेऊन. दाराच्या पट्ट्या पुसतात, प्रत्येक मजल्यावर थांबवून कान लावतात, खालीवर चार फेऱ्या मारतात. भूत दिसत असतं तर कोण तासभर बसून त्याच्या घराला तेल घालील? पण ते काम झालं, हात धुतले, की हा माणूस पिशवी उचलतो आणि जिन्यानं चौथ्या मजल्यावर जातो. बासष्टाव्या वर्षी. मी तिसऱ्यावर राहतो. माझ्या दाराशी आले की त्यांची धाप मला आतपर्यंत ऐकू येते.

ते जिन्यानं का जातात ते मला माहीत आहे. सांगतोही. फक्त अडचण एवढीच आहे की या हकिकतीत मला दुसऱ्या कुणाची टिंगल करायला फारशी जागा नाही.

हवालदार मूळचे पलूसकडचे. फौजेच्या गाड्यांच्या वर्कशॉपात त्यांनी बावीस वर्षं काढली. सुटून आल्यावर सांगलीत एका कारखान्याच्या स्टोअरला लागले आणि एक्क्याण्णव साली आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर जागा घेतली. त्या वेळी लिफ्ट असलेली इमारत म्हणजे आमच्या बाजूला अप्रूपच होतं. कडेगावहून माझे चुलते आले की आधी दोनदा वर-खाली जाऊन यायचे आणि मग चहा घ्यायचे. सगळ्यांना पहिला मजला हवा होता. बाळावहिनींनी चौथा मागितला. मी विचारलं, "वहिनी, एवढ्या वर कशाला? लिफ्ट बंद पडली म्हंजी?"

त्या म्हणाल्या, "मानसिंगदाजी, जल्मभर गावाच्या खालच्या अंगाला राह्यलो. जो तो वरनं बघायचा. आता आमी जरा वरनं बघतो की!"

 

पुढं पंच्याण्णव साली वहिनींना अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय गेला, हात अर्धा गेला, तोंड मात्र शाबूत राहिलं. तेव्हापासून लिफ्ट म्हणजे त्यांचा पाय झाली. रोज संध्याकाळी हवालदार त्यांना चाकाच्या खुर्चीवरून खाली आणायचे. पार्किंगमध्ये जिन्याजवळ त्यांची जागा ठरलेली. तिथं बसून त्या येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घ्यायच्या. माझ्या बायकोचं, लीलाचं म्हणणं असं की माझ्या निम्म्या बातम्यांचा उगम तिथं होता. खोटं नाही. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी मी माझी जुनी मारुती व्हॅन काढायचो आणि वहिनींना पलूसला त्यांच्या थोरल्या बहिणीकडं, राहीबाईंकडं न्यायचो. आईमागं राहीबाईंनीच वहिनींना वाढवलं होतं. दोघी बहिणी एकमेकींच्या हातात हात घालून दिवसभर बसायच्या आणि काहीही बोलायच्या नाहीत. परतताना व्हॅनमध्ये मात्र वहिनी राहीबाई काय काय बोलली ते सगळं सांगायच्या.

लिफ्टची देखभाल हवालदारांकडं कशी आली, त्यालाही एक कथा आहे. सोसायटीचे सेक्रेटरी नानासो. माणूस उत्साही. चौऱ्याण्णव साली लिफ्टच्या पॅनेलमधली एक कॉइल जळाली, तर नानासोंनी मोटारीवरच्या पाटीवरचे आकडे वाचून नवी मागवली. मोटारीचा विजेचा दाब वेगळा, पॅनेलचा वेगळा. बसवली आणि बटण दाबलं, तर कॉइलनं दोन मिनिटांत धूर सोडला. नानासो म्हणाले, कंपनी चोर आहे. हवालदार शेजारी उभे होते. म्हणाले, "नानासो, कंपनीनं तुमी मागितलं त्येच दिलंय. तुमी बैलाचं माप घिऊन घोड्याला नाल मारलाय." त्या दिवसापासून सुटा भाग मागवायचा झाला की तो हवालदारांनीच मागवायचा, असा ठराव झाला.

आणि त्यांची मागवण्याची पद्धत! मी तिच्यावर दोन वर्षं पोट धरून हसलो आहे. आधी बिघडलेला भाग काढायचा. रॉकेलनं धुवायचा. मग जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या पाठीवर तो भाग ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवायची, भोकंसुद्धा आतून रंगवायची. त्यावर आकडे असले तर वर कागद ठेवून शिसं घासायचं, म्हणजे आकडे उमटतात, वाचण्यात चूक नको. मग मशीनवरची पाटी वेगळी, पॅनेलवरची वेगळी उतरवायची. मग कंपनीला विचारायचं की बसला नाही तर परत घेणार का. एवढं झाल्यावर शक्य असेल तर तो जुना भाग पिशवीत घालून स्वतः पुण्याला जायचं आणि नव्याला जुन्याच्या शेजारी ठेवून बघितल्याशिवाय दुकानाची पायरी उतरायची नाही. मी विचारायचो, "हवालदार, लग्नाला पोरगी बघताय का बोल्ट?" ते मान वर न करता म्हणायचे, "पोरगी एकांद्याला माफ करती रं. बोल्ट न्हाई करत."

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी लिफ्ट थांबली. हवालदार गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले, मागोमाग मी. काही बिघडलं की तिथं मी असतोच. त्यांनी टॉर्च मारला. मोटार आणि गिअरची पेटी यांच्यामध्ये एक लोखंडी ड्रम फिरतो. त्याच्या दोन्ही बाजूंना ब्रेकचे दोन हात. लिफ्ट थांबवायची असली की हे दोन हात ड्रमला दोन्हीकडून मिठी मारतात. त्यातल्या एका हाताला, ओतीव लोखंडात, केसाएवढी चीर गेली होती.

"चालंल की काही दिवस," मी म्हणालो.

"चालंल. अन् मग एक दिवस धरणार न्हाई," हवालदार म्हणाले. त्यांनी मेन स्विच खाली ओढला, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

बुधवारी सकाळी पलूसहून राहीबाईंचा शेजारी सांगत आला: राहीबाई अंथरुणाला खिळल्यात, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, पाणी तेवढं घेतात, आणि बाळाला आणा, बाळाला आणा म्हणतात.

मी वर गेलो. वहिनी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, हिरवं पातळ नेसून, जणू निघायच्याच तयारीत. मी म्हणालो, "वहिनी, खुर्चीत बसा. मी, नानासो, आणखी दोघं, असं उचलून नेतो खाली. व्हॅन दारातच हाय."

"नगा," त्या म्हणाल्या.

"आवं, लाजायचं काय त्यात?"

"मानसिंगदाजी, चौघांनी मला एकदाच उचलायचं. तवा मला लाज वाटायची न्हाई. आज वाटंल." मग हवालदारांकडं बघून म्हणाल्या, "तुमी लिफ्ट करा. राही थांबंल माझ्यासाठी. लहानपणापासनं थांबायचीच सवय हाय तिला."

आमचा जिना असा की बिल्डरनं लिफ्ट आहे म्हणून तो कोंबडीच्या खुराड्यासारखा केलाय. वळणावर खुर्ची तिरकी धरावी लागली असती. त्या बाईनं दोन वर्षं स्वतःला कुणाच्या नजरेत लुळं पडू दिलं नव्हतं. मी फार आग्रह केला नाही.

बाहेर जिन्यात हवालदार म्हणाले, "आता हात काढतो, दुपारपातूर कागदावर खाका करतो. उद्याच्या पहिल्या गाडीनं पुण्याला जातो. शुक्रवारी दुपारी बसवतो."

आणि इथं मी तोंड उघडलं.

"शुक्रवार? हवालदार, फोन नावाची वस्तू हाय का न्हाई जगात? आत्ता फोन केला तर ते लोक आजच्या बसला टाकतील, उद्या सकाळी हातात. तुमी पेन्सिली घासत बसा! तुमचा खाका होईपातूर तिकडं म्हातारी खपंल."

मी हे नेहमीसारखं बोललो. चेष्टेत, जरा मोठ्यानं. दार उघडंच होतं. आतून वहिनींचा आवाज आला, "खरं हाय त्यांचं. करा की फोन."

 फौजेत बावीस वर्षं कुणाचा हुकूम मोडला नाही त्या माणसानं. बायकोचाही मोडला नाही.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये आम्ही दोघं घुसलो. पुण्याला फोन लागला. पलीकडच्या माणसानं मॉडेल विचारलं, हवालदारांनी तोंडपाठ सांगितलं. पाटीचे आकडे सांगितले, तेही तोंडपाठ. मग त्यानं विचारलं, "ब्रेकचा कुठला हात? डावा की उजवा?"

हवालदार थांबले. बाहेर काचेवर कुणीतरी नाणं वाजवलं. मागं तीन माणसं उभी होती.

"सांगा की लवकर," मी म्हणालो, "लोक शिव्या घालायला लागलेत."

त्यांनी डोळे मिटले. मला आठवतंय, त्यांनी दोन्ही हात थोडे पुढं उचलले, स्टिअरिंग धरल्यासारखे, आणि डावा हलवला.

"डावा," ते म्हणाले.

फोन ठेवला. येताना मी त्यांच्या पाठीवर थापही मारली. "बघा, पाच मिनिटांचं काम! उगं कॅलेंडरं फाडत बसायचं."

कंपनीवाल्यानं त्या दिवशीच्या बसला टाकतो म्हणून सांगितलं होतं. त्यानं टाकला नाही. गुरुवारी आला नाही, शुक्रवारी आला नाही. शुक्रवारी दुपारी हवालदार माझ्या दारावरून गेले तेव्हा मी उगाच पेपर वाचत बसलो. शनिवारी दुपारी बसच्या ऑफिसातून खोकं आलं.

गच्चीवर आम्ही ते उघडलं. हवालदारांनी नवा हात जुन्याच्या शेजारी फरशीवर ठेवला. मला त्यातलं कळत नाही, पण तेवढं मलाही दिसलं. एखादा माणूस आरशासमोर उभा राहावा तसे ते दोन हात दिसत होते. जुन्याची भोकं इकडं, नव्याची तिकडं. कानाएवढा एक खोबणीचा तुकडा, तोही उलट्या बाजूला.

हवालदार उकिडवे बसून किती तरी वेळ बघत राहिले. मग उठले, मशीनला वळसा घालून मोटारीच्या बाजूला, भिंतीच्या सांदीत जाऊन उभे राहिले, आणि तिथून ब्रेककडं बघितलं.

"ते लोक हितनं बघतात," ते म्हणाले. "मोटारीकडनं. मी तिकडनं बघत हुतो."

चूक काय ती एवढीच होती. गाडीचं डावं-उजवं ड्रायव्हरच्या सीटवरून मोजतात. पुढं इंजिन, अलीकडं गिअरची पेटी, तिच्यामागं माणूस. बावीस वर्षं त्यांनी हजारो गाड्यांचे भाग असेच मागवले, असेच दिले. मशीनच्या खोलीचं दारही नेमकं गिअरच्या पेटीच्या बाजूला. तिथं पाय ठेवला की ते आपोआप ड्रायव्हर व्हायचे. कागदावर खाका काढला असता तर डावं-उजवं सांगायची वेळच आली नसती. पुण्यात शेजारी ठेवून बघितलं असतं तर दोन मिनिटांत दिसलं असतं. आणि शुक्रवारी, त्यांनी म्हटल्याप्रमाणं, लिफ्ट चालू झाली असती.

मी म्हणालो, "हवालदार, ते माझ्यामुळं..."

"माप मी सांगितलं," ते म्हणाले. एवढंच. आणि खिशातून पेन्सिल काढली.

शनिवारी अर्धा दिवस, रविवारी सुट्टी. कंपनी सोमवारी उघडणार. हवालदार रविवारी दुपारच्या गाडीनं जुना हात आणि कॅलेंडरचं पान घेऊन पुण्याला निघाले. निघण्याआधी वहिनींना सांगायला आत गेले. मी दारात होतो. त्यांनी काहीच लपवलं नाही. "उलटा मागवला मी," म्हणाले. "मंगळवारी आणतो. न्हाईतर खुर्चीतनं जा आता. मी सांगतो म्हणून जा."

वहिनींनी त्यांच्या शर्टाची वरची गुंडी डाव्या हातानं लावून दिली. त्यांना तेवढी एक गोष्ट एका हातानं जमायची. "मंगळवारी येतायसा न्हवं? मग थांबती मी. तुमी आणलेल्या लिफ्टनंच जाती. तुमाला बी बरं वाटंल."

 तिथं मी ओरडायला हवं होतं. बाकी सगळीकडं ओरडतो.

सोमवारी सकाळी साडेनऊला पलूसहून निरोप आला. राहीबाई गेल्या.

मीच वर गेलो. मी काही बोलायच्या आधीच वहिनींनी माझं तोंड बघितलं. सांगलीत मी तोंड न उघडता ते वाचलेली ती एकच बाई. डाव्या हातानं उजवा पाय उचलून पलंगाखाली सोडला. मग म्हणाल्या, "उचला."

आम्ही चौघांनी उचललं. मी, नानासो, दुसऱ्या मजल्यावरचे दोघं भाऊ. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी करावी लागली आणि प्रत्येक वळणावर वहिनींनी पदर डोक्यावरून पुढं ओढला, चेहरा दिसू नये म्हणून. चार मजले. नानासो अधूनमधून "सावकाश, सावकाश" म्हणत होते. मला वाटत होतं, हा शब्द बुधवारी कुणी का नाही म्हटला.

पलूसला पोचलो तेव्हा राहीबाईंना आंघोळ घालून बाहेर आणलं होतं. त्यांच्या सुनेनं सांगितलं, रविवारी संध्याकाळपर्यंत शुद्ध होती, दाराकडं तोंड करून ठेवा म्हणाल्या. वहिनींनी बहिणीचा हात हातात घेतला आणि नेहमीसारख्याच काही न बोलता बसल्या. या खेपेला परतताना सांगायला काही नव्हतं, आणि त्या परतल्याही नाहीत. दोन दिवस तिथंच थांबते म्हणाल्या. मी एकटाच व्हॅन घेऊन आलो.

मंगळवारी दुपारी दीडच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. भरभर, दोन-दोन पायऱ्या. हवालदार. पिशवी खांद्याला. माझ्या दारावरून गेले, त्यांच्या मजल्यावर थांबलेही नाहीत, सरळ गच्चीवर. आधी लिफ्ट करायची आणि मग बायकोला हाक मारायची, असं त्यांनी येताना ठरवलेलं असणार.

मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो. लीला म्हणाली, "आवं, जावा की वर, सांगा त्यास्नी." गावातल्या मेलेल्या-जन्मलेल्याची, पळालेल्या-सापडलेल्याची बातमी सगळ्यांच्या आधी सांगणारा मी. पाऊण तास मी त्या खुर्चीत बसलो. वर पाना पडल्याचा आवाज आला. हातोडी वाजली. मग मोटारीची घरघर सुरू झाली, आठ दिवसांनी. लिफ्ट खाली गेली, वर आली, प्रत्येक मजल्यावर थांबली. माझ्या मजल्यावर, घराच्या उघड्या दारातून, लिफ्टच्या दाराच्या जाळीपलीकडं ते मला दिसले. हाताला ग्रीस, आणि तोंडावर हसू. मला म्हणाले, "मानसिंगराव, व्हॅन काढ!"

आणि लिफ्ट वर गेली.

मी धावलो. जिन्यानं धावलो. पोचलो तेव्हा त्यांनी लिफ्टचं दार उघडं धरून पायानं अडवलं होतं, ते बंद होऊ नये म्हणून, आणि समोर त्यांच्या घराला कुलूप होतं. ते कुलपाकडं बघत होते. मग माझ्याकडं बघितलं.

"कवा?" त्यांनी विचारलं.

"काल सकाळी."

"ती कशी गेली खाली?"

मी सांगितलं.

त्यांनी पाय काढला. लिफ्टचं दार आपसूक लागलं.

बुधवारी ते पलूसला गेले आणि वहिनींना घेऊन आले. लिफ्टनंच वर आणलं. मी दार धरलं. वर जाताना वहिनी म्हणाल्या, "बरी चालतीया. आवाज बी कमी झालाय." त्यांच्या तोंडून या प्रकरणावर निघालेलं पहिलं आणि शेवटचं वाक्य ते. बोल लावला नाही, रडल्या नाहीत. फक्त त्यानंतर खाली आल्या नाहीत. संध्याकाळी हवालदार खुर्ची दाराशी आणून उभे राहायचे, तर म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या. कुणाकडं जायचंय?" पार्किंगमधली त्यांची जागा रिकामी राहिली. पुढं तिथं कुणीतरी स्कूटर लावायला लागलं, तर मी त्याच्याशी भांडलो. का भांडलो ते त्याला कळलं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये वहिनी गेल्या. उंब्रजहून त्यांची लेक दीक्षा आली. बुद्धवंदना झाली. आमची लिफ्ट चार माणसांची. उभ्या माणसांची. त्यामुळं त्यांना जिन्यानंच न्यावं लागलं. लिफ्ट त्या दिवशी एकदम झकास चालत होती. तेच जिने, तीच वळणं, आणि योगायोगानं तेच आम्ही चौघं. एकदाच उचलायचं म्हणाल्या होत्या. आम्ही दोनदा उचललं. हवालदार पुढं चालत होते, प्रत्येक वळणावर थांबून मागं बघत होते.

त्या दिवसापासून ते जिन्यानं जातात.

तुम्हाला वाटेल, हा माणूस खचला. तसं नाही. उलट त्यांचा व्याप वाढलाय. आमच्या मशीनच्या खोलीत त्यांनी मोटारीच्या बाजूला, त्या सांदीत, फरशीवर पांढऱ्या रंगानं दोन पावलं काढलीत. स्वतःच्या चपला ठेवून, भोवतीनं रंग फिरवून, खाका काढतात तशीच. भिंतीवर लिहिलंय: 'हितं उभं राहून बघितल्याबिगर डावं-उजवं सांगू नये.' अक्षर वळणदार आहे. नानासो पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला नेतात.

मागच्या महिन्यात साताऱ्याच्या एका लॉजचा मॅनेजर त्यांना शोधत आला. त्याला दोन भाग मागवायचे होते, यादी टाइप करून आणलेली. हवालदारांनी यादीकडं बघितलंच नाही. विचारलं, "तुमी कुठं उभं ऱ्हाऊन बघितलं?"

"म्हणजे? मशीनसमोर."

"मशीनचं तोंड कुठलं?"

मॅनेजर यादी चाळायला लागला. हवालदार म्हणाले, "जुना भाग आणा. त्यो तरी मूळचा हाय का मधी कुणी दुसराच ठोकून बसवलाय, त्ये बी बघूया. परत घेत्यात का, विचारलं?"

"नाही. पण साहेब, लॉज भरलंय, लोकांचा आरडाओरडा चाललाय, जरा घाई आहे."

"घाई हाय न्हवं?" हवालदारांनी त्याच्यापुढं खुर्ची सरकवली. "मग आधी बसा."

तो बसला. मी शेजारी होतो. एरवी मी यावर चार वाक्यं तरी टाकली असती.

एक सांगायचं राहिलं. तो उलटा आलेला हात कंपनीनं परत घेतला नाही. तो हवालदारांच्या घरात आहे, वहिनींच्या फोटोखालच्या फळीवर, कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलेला. मी एकदा म्हणालो, "भंगारात द्या की." त्यांनी तो उचलून कागद नीट केला आणि परत ठेवला.

परवाची गोष्ट. दुपारची वेळ. माझ्या दाराबाहेर धाप ऐकू आली. दार उघडलं तर हवालदार पायरीवर बसलेले, बाजूला भाजीची पिशवी. कपाळ घामानं निथळत होतं. मी पाणी दिलं. आणि मग माझी जित्याची खोड, मला राहवेना. गेली दोन वर्षं माफी मागायची म्हणतोय, पण माझ्या तोंडातून माफी निघायला गेली की ती चेष्टा होऊनच बाहेर पडते.

"हवालदार," मी म्हणालो, "अख्ख्या साताऱ्या-सांगलीच्या लिफ्टी तुमी चालवताय अन् सोता जिन्यात धापा टाकताय. लोक म्हणतात आत भूत हाय. चला, मी येतो संगं. दोघं असलो की भूत बी लाजंल. अर्ध्या मिनटात वर पोचवतो तुमास्नी."

त्यांनी पाणी संपवलं. तांब्या माझ्या हातात दिला. कठड्याला धरून उठले, पिशवी घेतली, आणि म्हणाले,

"अर्ध्या मिनटात पोचून करू काय रं, मानसिंगराव? वर कोण हाय? तवाबी तुलाच घाई हुती. आता तरी मला सावकाश जाऊ दे."